महालक्ष्म्यांपुढचा गोकू

गेल्या भाद्रपदात महालक्ष्मीपूजनाच्या दिवशी हिंगोलीतील एका विद्यार्थ्याच्या घरी आम्हा दोघांना प्रसादाचे आमंत्रण होते. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक आणि तो आमच्याच विभागातला, बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाचा. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयास हवे, की इतरत्र जो सण ज्येष्ठागौरींचा म्हणून साजरा होतो, त्याला आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात. आणि त्यांच्यापुढे मांडलेली आरास हा घरच्या बायकामुलांच्या अभिमानाचा विषय असतो. फराळाची ताटे, लाकडी बैलगाडी, मातीची फळे, प्लास्टिकचे हत्तीघोडे, सेल घातला की टाळ्या वाजवणारे माकड, असे घरात असेल नसेल ते सारे खेळणे त्या तीन दिवसांत देवींपुढे हजर होते. त्या दिवशी या मांडणीच्या मधोमध, विठ्ठलरखुमाईच्या शेजारी, नारिंगी पोशाखातला, ताठ काळ्या केसांचा, वीतभर उंचीचा एक पुतळा उभा होता. आम्हा दोघांपैकी एकालाही तो ओळखता आला नाही.

विद्यार्थी पंगतीला पाणी वाढत होता. त्याची नजर आराशीकडे गेली आणि चेहरा उतरला. ‘आई, खोकं फोडलंस का?’

‘फोडलं कशाला? नीट कात्रीनं उघडलंय,’ आई म्हणाली आणि आमच्याकडे वळली. ‘सर, आता तुम्हीच सांगा. सहा महिन्यांपासून ते बाहुलं यानं खोक्यात कोंडून ठेवलंय. म्हणलं, वर्षातून एकदा तरी लक्ष्म्यांपुढं बसू द्या त्याला.’

हा पुतळा म्हणजे ‘ड्रॅगन बॉल’ या जपानी चित्रमालिकेचा नायक गोकू. विद्यार्थ्याने तो साडेतीन हजार रुपयांना घेतला होता. खोके न उघडता ठेवला तर पाच हजारांना घेईन, असे पुण्याच्या एका संग्राहकाने त्याला कबूल केले होते. ते पैसे पुढच्या वर्षी नांदेडला एम.ए.च्या प्रवेशासाठी लागणार होते. आईच्या कात्रीने त्यातले किती कापले गेले, याचा हिशेब तो पाणी वाढता वाढता मनात करीत असणार.

त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही. परंतु परतताना आमच्यात जे बोलणे झाले ते आज आठवले की संकोच वाटतो. पगारी माणसाच्या सवयीने आम्ही प्रथम म्हणालो, की फीला पैसे नसलेल्या मुलाने प्लास्टिकच्या बाहुल्यावर साडेतीन हजार घालावेत कसे? आणि मराठीच्या मास्तराच्या सवयीने पुढे म्हणालो, की आपल्या मातीत कथांची काय वाण आहे म्हणून जपानचे वीर घरात आणावेत? ही दोन्ही मते आमच्या पेशात इतकी रुळलेली आहेत, की ती तपासून पाहावीत असे सहसा कोणाला वाटत नाही. ती तपासणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पैशाचा प्रश्न. या पुतळ्यांना ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात आणि हा शब्द व्यापाऱ्यांनी घडविलेला आहे. १९६४ साली अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने सैनिकाचा बाहुला बाजारात आणला. बाहुली मुलींनी खेळायची असते, या समजुतीमुळे बापलोक मुलांसाठी तो घेणार नाहीत, अशी भीती होती. म्हणून ‘बाहुली’ हा शब्द टाळून हा नवा शब्द योजला गेला. जपानी चित्रमालिकांचे पुतळे पुढे त्याच नावाखाली जगभर गेले. काटेकोर बोलणारे संग्राहक मात्र ज्याचे सांधे वळतात त्यालाच ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात; एकाच पवित्र्यात घडविलेला तो नुसता ‘फिगर’. आमच्या विद्यार्थ्याचा गोकू या दुसऱ्या जातीचा. जपानमधील खेळघरांत यंत्राच्या चिमट्याने उचलून जिंकायची बक्षिसे असतात, त्यांसाठी असे पुतळे तयार होतात. ते त्यातल्या त्यात स्वस्त. मूळ पात्राच्या एक सप्तमांश किंवा एक अष्टमांश अशा ठरलेल्या प्रमाणात घडविलेले पुतळे याहून कितीतरी महाग. यांतल्या बहुतेकांच्या खोक्यावर पंधरा वर्षे व त्यापुढील वयासाठी असे छापलेले असते. म्हणजे हे लहान मुलाचे खेळणे नव्हे, हे करणाराच सांगून मोकळा झालेला आहे.

भारतात त्यांची किंमत वाढण्याला आणखी एक कारण आहे. खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्के. हेतू देशी खेळण्यांच्या धंद्याला आधार देण्याचा. परंतु किंमत चढली की नकलेचा बाजारही तेजीत येतो. अस्सल गोकू साडेतीन हजारांना मिळत असेल, तर तसाच दिसणारा सात-आठशेलाही मिळतो. आमच्या विद्यार्थ्याने पहिला पुतळा असाच नकली घेतला होता. त्या फसवणुकीनंतर तो जे शिकला ते त्याने आम्हाला एका दुपारी स्टाफरूममध्ये समजावून सांगितले. नकलेची कातडी तेलकट चमकते. केस आणि कपाळ जिथे मिळतात तिथे रंग ओघळलेला असतो. साच्याची शिवण दंडावर दिसते. प्लास्टिकला उग्र वास येतो. खोक्यावर तोएई ॲनिमेशन या निर्मितीसंस्थेची चकाकती चिकटपट्टी नसते, किंवा असली तरी तिची छपाई फिकट असते. दोन्ही पुतळे टेबलावर शेजारी ठेवून तो एकेक खूण दाखवीत होता.

आम्ही एम.ए.च्या वर्गाला पाठचिकित्सा शिकवितो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, हे दरवर्षी सांगतो. प्रती शेजारी ठेवून पाहणे, कुठे हात बदलला ते ओळखणे, कोणती चूक कोणत्या प्रतीतून आली याचा माग काढणे, ही दृष्टी मुलांत येत नाही अशी तक्रारही दरवर्षी करतो. ती दृष्टी या मुलाजवळ होती. तिला परीक्षेत गुण नव्हते, एवढेच.

आणि साडेतीन हजार त्याने उधळले होते काय? सुट्टीत मोबाइलच्या दुकानात काम करून त्याने पहिले पैसे जमविले. एक पुतळा घ्यावा, काही महिन्यांनी विकावा, त्यात भर घालून दुसरा घ्यावा, असा त्याचा व्यवहार होता. खेड्यात एखादा मुलगा एक शेळी घेऊन तिची करडे विकतो, तेव्हा त्याला आपण उद्यमी म्हणतो. हा व्यवहार त्याहून फारसा निराळा नाही. निराळे आहे ते एवढेच, की शेळीला चारा घालावा लागतो आणि पुतळ्याला हातही लावायचा नसतो. आमची खरी हरकत इथे सुरू होते. परंतु त्याआधी ‘परकेपणा’चे पाहू.

‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा अकिरा तोरियामा या चित्रकाराने १९८४ साली सुरू केली. २०२४ साली त्याचे निधन झाले तेव्हा आमच्या वर्गातील तीन-चार मुले दिवसभर गप्प होती आणि आम्हाला कारण कळले नव्हते. तिच्या नायकाचे पूर्ण नाव सोन गोकू. ते सुन वुकोंग या चिनी नावाचा जपानी उच्चार आहे. सुन वुकोंग म्हणजे सोळाव्या शतकातील ‘पश्चिमेचा प्रवास’ या प्रसिद्ध चिनी कादंबरीतील वानरवीर. लहानपणीच्या गोकूला शेपटी आहे, लांब होणारी काठी आहे, बसून उडता येईल असा ढग आहे. हे सारे त्या वानरवीराचे. हा वानर कोणाच्या रक्षणासाठी निघालेला असतो? धर्मग्रंथ आणावयास भारताकडे चाललेल्या एका भिक्षूच्या. आणि त्या भिक्षूमागची ऐतिहासिक व्यक्ती म्हणजे ह्युएन त्सांग. सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, महाराष्ट्रात येऊन गेलेला आणि उपकार न विसरणारी, अपमानाचा सूड घेणारी माणसे म्हणून आपले वर्णन करून गेलेला. या वानराचे मूळ आपल्या हनुमंतात आहे की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि आम्ही त्यात पडत नाही. परंतु ज्या प्रवाशाचे वर्णन आपण इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात वाचले, त्याच्या प्रवासावरून चीनमध्ये कादंबरी झाली, तिच्यावरून जपानमध्ये चित्रकथा झाली आणि तिचा नायक हिंगोलीत महालक्ष्म्यांपुढे येऊन बसला. तो परका की बऱ्याच वर्षांनी परतलेला, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही.

आमच्या पिढीला तर हा आक्षेप घेण्याचा अधिकारच नाही. १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनपुढे बसून आम्ही जो मोगली पाहिला, ती मालिका जपानमध्ये तयार झालेली होती. गुलजारांचे गीत आणि हिंदी संवाद यांमुळे ती आम्हाला कधी जपानी वाटलीच नाही.

आता त्या न उघडलेल्या खोक्याविषयी. संग्राहकांच्या बाजारात खोके उघडले की किंमत उतरते, हा सर्वमान्य नियम आहे. जुन्या वस्तूंच्या दुकानांतही पुतळ्याइतकीच खोक्याची स्थिती पाहतात: कोपरा दबला आहे काय, खिडकीचे पारदर्शक प्लास्टिक पिवळे पडले आहे काय. हा नियम व्यापाराच्या दृष्टीने चूक नाही. तरीही त्यातली एक विसंगती आमच्या ध्यानात आली ती आमच्याच बालपणामुळे.

हॅस्ब्रोचा तो सैनिक पुढे लहान आकारात भारतातही तयार होऊ लागला. १९८७ साली स्थापन झालेल्या फनस्कूल या कंपनीचा कारखाना आपल्या शेजारी, गोव्यात होता. परदेशी साच्यांतून काढलेल्या या भारतीय पुतळ्यांचे रंग कित्येकदा मूळच्याहून अगदी वेगळे असत. आम्हा दोघांपैकी एकाजवळ असा एक सैनिक होता. दसऱ्याच्या वेळी रामलीला मैदानावर भरणाऱ्या प्रदर्शनातील खेळणी आठवडाभरात मोडत. हा मात्र दोन वर्षे टिकला आणि शेवटी कयाधूच्या वाळूत कुठेतरी गाडला गेला. आज त्याच विचित्र रंगांमुळे अमेरिका-युरोपातील संग्राहक भारतीय बनावटीचे हे सैनिक हौसेने शोधतात आणि बंद पाकिटातल्यांना चांगला भाव देतात. मग कयाधूच्या वाळूत गेलेल्या त्या सैनिकाची हळहळ वाटावी काय? आम्हाला वाटत नाही. उरलेले सैनिक दुर्मीळ झाले ते आमच्यासारख्या हजारो मुलांनी आपले सैनिक खेळून मोडले म्हणूनच. सर्वांनीच पाकिटे जपली असती तर आज त्यांना कोणी विचारले नसते.

हे नुसते तर्काचे बोलणे नाही. १९९२ साली अमेरिकेत सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पाकिटात बंद करून विकला गेला. उद्या मोल येईल म्हणून लोकांनी प्रती घेऊन न उघडता ठेवल्या. लाखो प्रती खपल्या, लाखो जपल्या गेल्या, आणि म्हणूनच आज त्यांना विशेष मोल नाही. पुतळे घेऊन ठेवणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. जी वस्तू सगळेच उद्यासाठी राखून ठेवतात, तिचा तो उद्या बहुधा उगवत नाही.

परंतु आम्हाला अधिक सलते ते दुसरेच. वस्तू कथेपासून तुटली म्हणजे काय होते, हे मराठवाड्याने एकदा अनुभवलेले आहे. चित्रकथी कागदावर रंगविलेली चित्रे एकेक करून श्रोत्यांपुढे धरीत आणि गाऊन, बोलून रामायण-महाभारतातले आख्यान सांगत. एका आख्यानाच्या चित्रांचा जुडगा म्हणजे एक पोथी. एकोणिसाव्या शतकातील अशा चित्रांची एक शैली आमच्या पैठणच्याच नावाने ओळखली जाते. पुढे सांगणारे उरले नाहीत आणि पाने सुटी झाली. आज पैठण शैलीचे एखादे पान परदेशातील संग्रहालयात किंवा लिलावात एकटे दिसते. मोठ्या डोळ्यांचे, बाजूने रंगविलेले दोन योद्धे धनुष्ये ताणून समोरासमोर उभे असतात. रंग सुरेख असतो, चौकट नीटस असते, भावही चांगला येतो. पण आधीचे पान कुठे आहे आणि पुढचे कुठे, त्या प्रसंगी चित्रकथी कोणते बोल म्हणत असे, हे ते पान सांगू शकत नाही. पान वाचले, आख्यान गेले.

याउलट सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजात ही कला जिवंत राहिली, कारण तिथे चित्रांबरोबर सांगणारेही टिकले. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्यात उभारलेल्या संग्रहालयात चित्रे आणि बाहुल्या पाहावयास मिळतातच, शिवाय त्यांचे घराणे त्या हातात धरून आख्यानही सांगते. संग्रह आणि कथन यांत वैर नाही, हे दाखविणारे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

आता पुन्हा त्या पंगतीकडे वळू. हात धुऊन आम्ही बसलो असताना विद्यार्थ्याच्या आत्याने आराशीकडे बोट दाखवून विचारले, ‘हा कोण रे? गोकू म्हणजे गोकुळातला का?’ मुले हसली. तो प्रथम टाळाटाळ करू लागला, मग सांगू लागला. दुसऱ्या ग्रहावरून तान्हेपणी पृथ्वीवर पाठविलेला मुलगा, त्याला वाढविणारा रानातला म्हातारा, इच्छा पुरविणारे सात मणी, गुरूकडचे शिक्षण. छातीवरच्या चिन्हाचा अर्थ आत्यांनी विचारला तेव्हा तो म्हणाला, की ते गुरूच्या नावाचे अक्षर आहे. ‘म्हणजे गुरुघरचा कपडा,’ आत्या म्हणाल्या. अख्ख्या मालिकेवर याहून नेमकी टीप आम्हाला लिहिता आली नसती. पाऊण तास तो बोलत होता. वर्गात हजेरीपुरते तोंड उघडणारा हा मुलगा इतके ओघवते मराठी बोलतो, हे आम्हाला तीन वर्षांत कळले नव्हते. पुतळा खोक्यातच राहिला असता तर कदाचित कधीच कळले नसते.

इथेच लेख संपविता आला असता आणि खोके उघडा, कथा सांगा, असा उपदेश करून आम्हाला मोकळे होता आले असते. परंतु पुढे जे घडले ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुण्याच्या संग्राहकाने उघडलेल्या पुतळ्याला नकार दिला. दिवाळीनंतर विद्यार्थ्याने तो नांदेडच्या एका मुलाला अठ्ठावीसशेला विकला. आम्ही त्याला म्हणालो, की राहू दे, फीचे आपण पाहू. तो म्हणाला, ‘सर, तुम्ही दोन हजारांची पुस्तकं घेता आणि ठेवता. मला घेऊन ठेवणं परवडत नाही.’ त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आम्हाला मात्र आमचे मत दुरुस्त करावे लागले. वस्तूचे मोल कथेत असते, हे खरे. पण कथेसाठी वस्तू जवळ ठेवणे ही देखील ऐपतीची गोष्ट आहे, आणि ज्याला ती विकावीच लागते त्याच्यापुढे खोके उघडण्याचे तत्त्वज्ञान सांगणे सोपे असले तरी शोभत नाही. चित्रकथींच्या घरातून पाने बाहेर गेली तीही सारी अडाणीपणाने गेली असतील, असे आता आम्हाला वाटत नाही. काही चुलीसाठीही गेली असतील.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच आहे. हा खरेदीविक्रीचा व्यवहार चालणारच आणि तो चालू नये असे मानण्याचे कारण नाही. मुलांनी तो उघड्या डोळ्यांनी करावा. नक्कल ओळखावी, चढ्या भावाच्या आशेने कर्ज काढू नये. अध्यापकांनी नाक मुरडण्यापूर्वी त्या पुतळ्याचे नाव विचारावे. पुतळा विकला तरी कथा विकली जात नाही. पण ती आपल्या भाषेत कोणी सांगावयास लावली नाही, तर हळूहळू ती खोक्यासह जाते. आमच्या विभागात यंदापासून आंतरिक मूल्यमापनासाठी एक पर्याय ठेवला आहे: आपल्याला आवडणारी कोणतीही परदेशी कथा, घरातल्या वडीलधाऱ्यांना कळेल अशा मराठीत सांगणे, आणि त्यांनी विचारलेले प्रश्न लिहून आणणे. पहिली वही त्याच विद्यार्थ्याची आली. तिच्या शेवटच्या पानावर आईचा प्रश्न लिहिलेला आहे: येत्या भाद्रपदात मधली जागा मोकळी राहील, तिथे काय मांडायचे?

उत्तर त्याने लिहिलेले नाही. त्याबद्दल आम्ही गुण कापलेले नाहीत.